नदीपलीकडची माती

कवठी गावातनं आजवर एकच माणूस तडीपार झाला, आणि तोही कोण, तर मशिदीतला मौलाना. घ्या! गावात मटका चालतो, हातभट्टी चालते, निवडणुकीला डोकी फुटतात, त्यातलं कुणी सरकारच्या डोळ्यात खुपलं नाही. खुपला तो दस्तगीर लालाभाई मुलाणी. प्रांतसाहेबांच्या हुकुमात लिहिलं होतं की या इसमामुळं सामाजिक शांततेला धोका आहे, सबब त्याला दोन वर्षांसाठी जिल्ह्यातून हद्दपार करण्यात येत आहे. जिल्हा कागदावर अहिल्यानगर झालाय, गावाच्या तोंडात अजून नगरच आहे. नाव कुठलंही घ्या, दस्तगीरला त्यात पाय ठेवायला मनाई झाली.

कवठी श्रीगोंदा तालुक्यात, भीमेच्या अगदी काठाला. नदी ओलांडली की पुणे जिल्हा आणि दौंड तालुका लागतो. समोरच्या काठावर देऊळवाडी म्हणून गाव आहे, तिथल्या एवढ्याशा मशिदीनं दस्तगीरला एक खोली दिली. देऊळवाडीत मशीद, असं ज्याला हसायचं त्यानं हसून घ्यावं. म्हणजे माणूस हद्दपार झाला तो किती लांब, तर सकाळी वाऱ्याची दिशा बरी असली की स्वतःच्या घरातला कोंबडा ऐकू येईल इतका. त्यापेक्षा दिल्लीला हाकलला असता तर परवडलं असतं. डोळ्यासमोर घर आणि जाता येत नाही, याच्यासारखा जाच दुसरा नाही.

हा दस्तगीर काही जन्मापासनं गावाचा लाडका नव्हता, हेही सांगून टाकतो. घराणं गावच्या मुलाण्याचं. देवीच्या जत्रेत घरोघरी नवसाची बकरी पडायची आणि ती हलाल करायला मुलाणीच लागायचा. पाटलाचं असो नाहीतर भोयाचं, मुलाण्यानं सुरी फिरवल्याशिवाय मटण चुलीवर चढायचं नाही. दस्तगीरचा बाप लालाभाई हे काम हौसेनं करायचा, आपला वाटा घ्यायचा आणि कपाळाला भंडारा लावून घरी यायचा. बायको हिराबी तो भंडारा पदरानं पुसायची आणि म्हणायची, "अल्लाला दिसला तर काय म्हनंल!" लालाभाई म्हणायचा, "त्याला दिसत असंल तर माझं मनबी दिसंल."

पोराला मात्र त्यानं गुजरातेतल्या मदरशात घातलं. पोरगं शिकून परत आलं ते दाढी, पांढरी टोपी आणि नियमांचं गाठोडं घेऊन. पहिल्याच जत्रेला दस्तगीरनं सांगून टाकलं, देवीच्या नावाचं बकरं मी कापणार नाही. लालाभाई तेव्हा वारला होता. मच्छिंद्र भोई म्हणजे दस्तगीरबरोबर नदीत पोहायला शिकलेला जोडीदार, नाव चालवायचा, मासे धरायचा. त्याचं नवसाचं बकरं दारात बांधलेलं, पाहुणे आलेले, आणि मुलाणी नाही म्हणतो. मच्छिंद्रनं त्याला वाट्टेल ते बोलून घेतलं आणि पुढं आठ वर्षं तोंड दाखवलं नाही.

आपल्या माणसांनाही त्यानं सोडलं नाही. मय्यत झाली की पुण्याच्या लेकीची, मुंबईच्या भाच्याची वाट बघत बर्फाच्या पेटीत ठेवायची रीत गावात पडली होती. दस्तगीरनं ती मोडली. मय्यत कुणासाठी थांबवायची नाही, जितक्या लवकर मातीला लावाल तितकं बरं, हे त्यानं एवढ्या वेळा सांगितलं की शेळ्या राखणाऱ्या पोरींनाही पाठ झालं. तांबोळ्याचा लेक सौदीला कामावर असताना वारला, तिकडंच पुरला. म्हातारा तांबोळी रडत मशिदीत आला, म्हणाला, इथनं त्याच्या जनाज्याची नमाज पढवा. दस्तगीर म्हणाला, "दुसऱ्या इमामांच्या मतानं चालत असंल चाचा, आपल्यात न्हाई. मय्यत समोर असल्याबिगर ती नमाज व्हत न्हाई." नियम खरा होता. पण खरं बोलायलाही वेळकाळ असतो की नाही? तांबोळी वर्षभर मशिदीत फिरकला नाही.

मग वाळू आली. म्हणजे खरं तर गेली. नदीच्या पात्रात बिभीषण आण्णाच्या यांत्रिक बोटी उतरल्या आणि खालनं वाळू ओढायला लागल्या. पुराणातला बिभीषण एकदाच रामाला जाऊन मिळाला. आमचा दर निवडणुकीला कुणाला ना कुणाला जाऊन मिळतो, त्यामुळं त्याच्या बोटीला हात लावायची कुणाची प्राज्ञा नव्हती. पहिल्यांदा स्मशानभूमीचं शेड पत्र्यांसकट नदीत बसलं. लोकं आपापल्या बांधावर मढी जाळायला लागली, पण कुणी ब्र काढला नाही. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करणार? मग कब्रस्तानाची दरड सुटायला लागली. एके सकाळी मच्छिंद्रच्या जाळ्यात माणसाचं हाड आलं. त्यानं जाळं तिथंच टाकलं आणि ज्याच्याशी आठ वर्षं बोलला नव्हता त्या दस्तगीरच्या दारात जाऊन उभा राहिला.

"दस्त्या," तो म्हणाला, "हाड कुनाचं हाय मला ठावं न्हाई. पन तुमच्याकडलं हाय."

त्या शुक्रवारी दस्तगीरनं नमाजेआधीचं बयान, म्हणजे प्रवचन, केलं ते मराठीत, आणि बाहेरचा भोंगा मुद्दाम चालू ठेवला. म्हणाला, "हिंदूंचं जळायचं ठिकाण गेलं तवा आपण गप बसलो. आता आपलं पुरायचं चाललंय, तवा ते गप बसतील. मग मेल्यावर दोघांनी मिळून नदीतच जायचं का? बिभीषण आण्णाला माझा सलाम सांगा, आन सांगा का उद्यापासनं रस्त्यावर मी बसनार हाय." अख्ख्या गावानं ऐकलं. दुसऱ्या दिवशी वाळूच्या ट्रॅक्टरच्या वाटेवर सतरंज्या पडल्या. पुढं मुसलमान, मागं भोई, माळी, मराठे, कडेला बायका. म्हातारा तांबोळीही काठी टेकत आला. दीड महिना एक ट्रॅक्टर नदीत उतरला नाही. कवठीला आपण एक गाव आहोत असं त्या दीड महिन्यात वाटलं, आधी नाही आणि नंतरही नाही.

मग जे व्हायचं ते झालं. बेकायदा जमाव, सरकारी कामात अडथळा, धार्मिक तेढ, एकावर एक गुन्हे. दोघा गुप्त साक्षीदारांनी जबाब दिला की मौलानाची आम्हाला भीती वाटते. ते दोघं कोण हे कायद्यानं सांगत नाहीत. गावानं आपापले अंदाज बांधले आणि त्यावरनं चार घरांचं बोलणं बंद झालं. हुकूम निघाला. पोलिसांनी गाडीतनं नेऊन दस्तगीरला पुलापलीकडं सोडलं. बोटी मात्र पुन्हा उतरल्या नाहीत, मौलानाच्या शब्दावर गाव परत रस्त्यावर बसेल ही धास्ती आण्णाला होती.

निघताना हिराबी दारात उभी होती. बुटकी, काटक, तोंडानं फटकळ बाई. रडली नाही. म्हणाली, "जा. खोटं बोलून राहन्यापरास खरं बोलून गेलेला बरा. पन माज्या मातीला ये म्हंजे झालं."

आता ह्या बाईचं एक सांगायला पाहिजे. कब्रस्तानात बोरीच्या झाडाखाली लालाभाईची कबर होती. तिच्या शेजारी एक माणूस मावेल एवढी जागा हिराबीनं चार धोंडे लावून राखून ठेवली होती. "हितं मी," असं तिनं सगळ्या गावाला बजावलं होतं. कुणाची मय्यत झाली की खोदणाऱ्याला आधी निरोप जायचा, ती जागा सोडून खणा. दरड त्या बोरीपासनं चार हातावर आली होती तेव्हा आंदोलन झालं, म्हणून दस्तगीरच्या मनात कब्रस्तान वाचवणं म्हणजे आईची जागा वाचवणं होतं. तो तसं बोलायचा नाही. मौलाना माणूस, सगळ्यांसाठी बोलायचा.

देऊळवाडीत त्याचं दिवस काढणं सुरू झालं. पोरांना अलिफ-बे शिकवायचा, वेळेवर नमाज पढवायचा, महिन्यातनं एकदा तिथल्या पोलीस चौकीत हजेरी लावून यायचा. लोक त्याला नगरचा मौलाना म्हणायचे. चांगली माणसं होती, पण परकी ती परकीच. नदीपलीकडनं कवठीची अजान ऐकू यायची. त्याच्या जागी जो पोरगा अजान द्यायचा तो एक शब्द हमखास आखडायचा आणि दस्तगीर दर वेळी इकडं हात चोळायचा.

शुक्रवारी मच्छिंद्र हिराबीला नावेत घालून आणायचा. भाकरी, ठेचा, कधी भरीत, वर गावाच्या चहाड्या. दस्तगीर दर वेळी म्हणायचा, "अम्मा, राहा की इकडं. आन रेश्माला बी घेऊन ये." रेश्मा ही त्याची धाकटी बहीण, नवरा वारल्यापासनं माहेरीच होती.

हिराबी म्हणायची, "आन हितंच मेले तर? तू मला परत न्हेऊ शकनार न्हाईस आन दुसरा कोन न्हेनार? तुजा अब्बा तिकडं एकटा पडलाय. त्याला मी जबान दिलीया."

"मेल्यावर माती सगळीकडं सारखीच असते, अम्मा."

"तुज्या किताबात असंल. माझ्या न्हाई." आणि ती पदर खोचून नावेत बसायची.

दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात ती परसात घसरून पडली. खुबा मोडला. नगरला नेऊन दाखवलं, डॉक्टरांनी वय बघून हात टेकले. शुक्रवारची नाव बंद झाली. आता काठावर येणं तिच्या नशिबी नव्हतं आणि घरी जाणं त्याच्या. फोन कानाला लावला की ती एकच विचारायची, "कवा येतो?" तो म्हणायचा, "बघतो, अम्मा."

त्यानं अर्ज केला, आजारी आईला भेटायला एक दिवस द्या. कचेरीनं विचारलं, आजार जिवावरचा आहे असा सरकारी डॉक्टरचा दाखला कुठाय? डॉक्टर म्हणाला, खुबा मोडलाय असं लिहून देतो, मरणार आहे असं कसं लिहू? रेश्मानं श्रीगोंद्याला हेलपाटे घालून चपला झिजवल्या. आई मरणार असल्याचा दाखला मिळवायला लेकीनं दारोदार फिरायचं, ही कसली रीत म्हणायची? अर्ज फेटाळला.

तेवढ्यात देऊळवाडीला वैजनाथ आला. हा बिभीषण आण्णाचा उजवा हात. येताना पेढे घेऊन आला, म्हणजे काम नक्की वाईट असणार.

"मौलाना, आण्णाला तुमच्या मातोश्रींचं लई वाईट वाटतंय," वैजनाथ म्हणाला. "त्यांचं म्हननं, झालं गेलं गंगेला मिळालं. तुमी फकस्त एक वाक्य बोला. 'वाळूच्या बाबतीत माझा गैरसमज झाला हुता.' शुक्रवारी फोनवरनं बोला, आमी तिकडं भोंग्याला लावतो. आण्णा वर शब्द टाकतील. पंधरा दिवसांत तुमी आईच्या उशाशी."

दस्तगीरनं एक दिवस मागून घेतला आणि रेश्माला फोन लावला.

"बोल की मग!" रेश्मा म्हणाली. "एका वाक्यानं काय झिजतंय तुजं?"

"ते वाक्य खोटं हाय."

"अम्मा खरी हाय ना? ती रोज इचारती, मी रोज खोटं सांगती, येतोय म्हनून. माजं खोटं चालतं व्हय तुला?"

"रेश्मा, मी ते बोललो का दुसऱ्या दिवशी बोटी बोरीखाली येतील. अब्बाची कबर जाईल. अम्माची जागा जाईल. मग कशाला राखली ती?"

रेश्मा म्हणाली, "तुला बरूबर बोलता येतं, भाई. ह्योच तर त्रास हाय." आणि फोन ठेवला. दस्तगीर त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी वैजनाथला त्यानं नाही सांगितलं.

हिराबी गेली ती श्रावणात, पहाटेच्या नमाजेनंतर. रेश्माचा फोन आला तेव्हा दस्तगीर मशिदीत चटया झटकत होता. रेश्मा एवढंच म्हणाली, "गेली." त्यानं "इन्ना लिल्लाहि" म्हटलं आणि खाली बसला. दुसऱ्यांच्या मय्यतीला शंभरदा म्हटलेले शब्द, आज स्वतःच्या आईसाठी म्हणावे लागले.

माती द्यायला जाण्यासाठी परवानगी मिळते, हे त्याच्या वकिलाला माहीत होतं. वकील कचेरी उघडण्याच्या आधी दारात जाऊन बसला. पण नेमके प्रांतसाहेब जागेवर नव्हते. कवठीत महिनाभर टिपूस नव्हता, पण वर घाटात धो धो चालू होता, धरणं भरली होती आणि पाणी सोडलं होतं. साहेब नदीकाठच्या गावांत पुराच्या बंदोबस्तावर फिरत होते. फोन लागेना. कारकून म्हणाला, सही साहेबांचीच लागते.

दहा वाजले, अकरा वाजले. कवठीत गुसल झालं, म्हणजे मय्यतीला अंघोळ घातली, कफन झालं, जनाजा अंगणात तयार होता. तांबोळ्यानं फोन केला, "मौलाना, थांबू का?"

दस्तगीरनं डोळे मिटले आणि म्हणाला, "न्हाई चाचा. मय्यत थांबवायची न्हाई. माझ्या आईची बी न्हाई. तुमी कुनीबी नमाज पढवा आन उरका."

"आन तुमी?"

"मी हितंच."

तांबोळ्याला आपला सौदीतला लेक आठवला असणार. ज्या माणसानं आपल्याला नमाज नाकारली तोच आज स्वतःला नाकारतोय, हे बघून त्या म्हाताऱ्याला बरं वाटायला हवं होतं. पण म्हातारा रडायलाच लागला. अंगणात सगळ्यांना सांगितलं, मय्यत समोर नसली तर मौलानाला आईची नमाज पढता यायची नाही, आणि मय्यत समोर असायची तर मौलाना यायला पाहिजे, तो तर येऊ शकत नाही. आता काय करायचं?

मच्छिंद्र भिंतीला टेकून उभा होता. तो म्हणाला, "तो येऊ शकत न्हाई ना? मग चाची जाईल. तडीपार त्यो हाय, ती न्हाई. नावेत घाला. नमाज झाली का परत आनू, बोरीखाली लावू. किती वेळ लागतोय?"

"आन पाणी? वरनं सोडलंय म्हनत्यात," कुणीतरी म्हणालं.

"ते हितं याला सांज व्हती. आजवर कदी आधी आलंय?"

मच्छिंद्रचं खरं होतं, पण ते जुन्या नदीचं खरं होतं. पूर्वी मैल न् मैल वाळू पसरलेली असायची, येणारं पाणी आधी ती प्यायची, मग नदी चढायची. आता खाली वाळू होती कुठं? नुसते खड्डे आणि खडक. हे त्याच्या ध्यानात आलं नाही, कुणाच्याच आलं नाही. एवढं चांगलं काम करायला निघाल्यावर नदीबद्दल वाईट कोण बोलणार?

दस्तगीर काठावर आला तो पाय धुवायला. बघतो तर पलीकडच्या घाटावर माणसं उतरतायत, खांद्यावर जनाजा. आधी त्याला वाटलं कब्रस्तानाकडं चाललेत. मग जनाजा नावेत चढला. मच्छिंद्रनं वल्हं मारलं. मागच्या नावेत तांबोळी, दहा-बारा माणसं आणि एका कडेला रेश्मा. बायकांनी जनाज्याबरोबर जायचं नसतं, पण तिला अडवायची त्या दिवशी कुणाची छाती झाली नाही. हिरव्या चादरीखाली आई आपल्याकडं येतेय, हे दस्तगीरला कळलं आणि तो कमरेएवढ्या पाण्यात पुढं चालत गेला आणि नावेची कड धरून मोठ्यानं रडला. नियमांचा माणूस, पण त्या घडीला त्याला कसलाच नियम आठवला नाही.

दुपारची जोहरची नमाज झाली आणि मग काठावर रांगा लागल्या. देऊळवाडीची माणसंही आली. दस्तगीर पुढं उभा राहिला, आई समोर होती. 'अल्लाहु अकबर'च्या चार तकबिरी झाल्या. नमाज झाली. दोन मिनिटांचं काम, पण त्यासाठी एक बाई नदी ओलांडून आली होती.

"चला," मच्छिंद्र म्हणाला.

"एवढं यासीन पढतो," दस्तगीर म्हणाला आणि आईच्या उशाशी बसला.

यासीन म्हणजे कुराणातला अध्याय, चांगला लांब आहे. तो सावकाश पढत होता. मध्येच थांबायचा, कफनाकडं बघायचा, पुन्हा पढायचा. मच्छिंद्रनं नदीकडं पाहिलं. कडेचं गवत हलायला लागलं होतं. "दस्त्या, पानी गढूळ व्हाया लागलंय," तो म्हणाला. दस्तगीरनं मान हलवली आणि पढत राहिला. कुणाला त्याचा हात धरून उठवायचं जमलं नाही. तिचा खुबा मोडल्यापासनं आईच्या पायाशी बसला नव्हता तो माणूस. बसू द्या म्हणाले. यासीन संपलं, तरी तो उठला नाही. मय्यत थांबवायची नाही म्हणून ज्यानं गावाला वर्षानुवर्षं झापलं, तोच तिला थांबवून बसला होता.

तो उठला तेव्हा नदी तांबडी झाली होती. जलपर्णीचे ढीगच्या ढीग वाहत येत होते, मध्ये एक अख्खं बाभळीचं झाड गरगरत होतं. बोटींनी केलेल्या खड्ड्यांवर भोवरे धरले होते. मच्छिंद्रनं नाव पाण्यात लोटून पाहिली, दोरासकट ओढून परत काढली. "न्हाई," तो म्हणाला आणि डोक्याला हात लावून बसला. "मी चाचीला बुडवनार न्हाई."

राहिला पूल. देऊळवाडीचा एकजण टेम्पो आणायला धावला. तेवढ्यात फोन आला की पुलाला पाणी लागलंय, पोलिसांनी दोन्हीकडनं वाहतूक बंद केलीय, सकाळपर्यंत सोडणार नाहीत.

तिसऱ्या प्रहरची असरची नमाज झाली. ऊन उतरायला लागलं. सगळे दस्तगीरकडं बघायला लागले.

"सकाळी न्हेऊ," रेश्मा म्हणाली. "रात्रभर मी बसते तिच्यापाशी. बर्फ आना. सकाळी पूल उघडला का टेम्पोनं न्हेऊ."

"पहाटे गेलीय ती, रेश्मा. श्रावणातली गरमी. मय्यत रातभर ठेवायची न्हाई."

"कुनी सांगितलं?"

"शरियतनं."

"शरियत मलाबी ठावं हाय. लवकर करा म्हनती, आज रातीच करा न्हाई म्हनत. भाई, पाया पडते. तिनं दुसरं काय मागितलं हुतं? बोरीखालची जागा, एवढंच."

"आन मी मातीला यावं हे बी मागितलं हुतं," दस्तगीर म्हणाला. ते त्याच्या तोंडातनं निसटलं. रेश्मानं त्याच्याकडं पाहिलं. तिला सगळं कळलं. टेम्पोनं गेली तर पुलाच्या ह्या टोकाला त्याला थांबायचं होतं, आणि तिला कबरीत उतरवणारे हात दुसऱ्या कुणाचे तरी असणार होते.

देऊळवाडीच्या कब्रस्तानात कुंपणाला लागून एक जागा मोकळी होती. शेजारची कबर कुणाची, कुणाला माहीत नाही. सूर्यास्ताला, मगरिबच्या आधी खड्डा तयार झाला. दस्तगीर स्वतः आत उतरला, आईला स्वतःच्या हातांनी ठेवलं, तोंड किबल्याकडं, मक्केच्या दिशेला केलं, कफनाच्या गाठी सोडल्या. वर येऊन तीन मुठी माती दिली. त्याच्या चेहऱ्यावर त्या वेळी समाधान होतं, असं मच्छिंद्र नंतर सांगायचा, आणि सांगताना खाली बघायचा. रेश्मा कुंपणाबाहेर उभी होती.

सकाळी नऊलाच पूल उघडला. रेश्मा आणि तांबोळी एसटीनं कवठीला गेले.

पुढं माघात दस्तगीरची मुदत संपली. मच्छिंद्र नाव घेऊन आला. कवठीच्या घाटावर चांगली शंभर माणसं जमली होती, हार होते, कुणीतरी हलगीही आणली होती. दस्तगीरला हार नको होता, पण लोकांनी ऐकलं नाही. वाटेत तो कब्रस्तानात वळला. दरड तशीच होती. बोर तशीच होती. लालाभाईशेजारी चार धोंड्यांमधली जागा झाडून काढलेली होती.

तांबोळी मागनं आला. म्हणाला, "मौलाना, तिला हिकडं आनता येईल का? काढून?"

दस्तगीर म्हणाला, "दफन झालेली मय्यत उकरता येत न्हाई, चाचा." आवाज इतका लहान होता की तांबोळ्याला पुन्हा विचारावं लागलं.

घरी रेश्मानं दार उघडलं. पाणी दिलं. ताट केलं. भावाला दोन वर्षांनी घरात बघून बहिणीच्या डोळ्यात पाणी यायला हवं, ते आलंही, पण ती त्याच्याकडं न बघता भाकरी मोडत राहिली. दस्तगीर ताटावर बसला. आईची बाज उभी करून भिंतीला टेकवली होती. तो म्हणाला, "रेश्मा, मला बोल. शिव्या दे. पन बोल."

"काय बोलू?" ती म्हणाली. "तुला सरकारनं तडीपार केलं, भाई, दोन वर्सांसाठी. अम्माला तू केलंस."

तिनं वाटीत कालवण वाढलं आणि चुलीकडं वळून बसली.